सह्याद्रीचे थर



सह्याद्री आपल्याला नवा नाही. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना तो रेल्वेच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. गावी जाणारी एस.टी. वरंध, कुंभार्ली किंवा आंबा घाटाची वळणे घेऊ लागली की, मुले त्याच्या कड्यांकडे बोट दाखवतात. शाळेत आपण त्याचे नाव पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो. पण हा डोंगर कशाचा बनला आहे, असे घरातल्या मुलाने विचारले, तर ‘दगडाचा’ या एका शब्दापलीकडे आपल्याकडे उत्तर नसते.

आज आम्ही तीन प्रश्न वाचकांपुढे ठेवतो. जिथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, त्या घाटमाथ्यावरच्या वाड्यांतील बाया चैत्र-वैशाखात हंडे घेऊन दोन-दोन कोस का चालतात? कार्ले, भाजे, जुन्नर, कान्हेरी ही लेणी याच मुलखात एवढ्या संख्येने का कोरली गेली? आणि माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही गावे एका घटकेत मातीखाली का गेली? प्रश्न तीन दिसतात, पण उत्तराचे मूळ एकच आहे. ते सह्याद्रीच्या थरांत आहे.

रांग कोठून कोठवर

तापी नदीच्या दक्षिणेला ही रांग सुरू होते आणि समुद्रकिनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी थेट कन्याकुमारीच्या बाजूला जाते. एकूण लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. पूर्ण रांगेतील सर्वांत उंच शिखर केरळातील अनाईमुडी, २,६९५ मीटर. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. त्याखालोखाल नाशिक जिल्ह्यातील साल्हेर, १,५६७ मीटर.

मुख्य रांगेपासून पूर्वेकडे तीन मोठे फाटे फुटतात : सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेव. पहिल्या दोघांमधून गोदावरी वाहते, पुढच्या दोघांमधून भीमा आणि शंभू महादेवाच्या दक्षिणेकडून कृष्णा. हा नकाशा मुलांनी एकदा हाताने काढला तर महाराष्ट्राच्या निम्म्या भूगोलाची घोकंपट्टी वाचेल.

आग थंड झाली, तिचा डोंगर झाला

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या वेळी माणूस नव्हता. भारताची भूमीही आजच्या जागी नव्हती, ती दक्षिणेकडे होती आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. अशा वेळी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला शिलारस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी तोंडातून आग ओकत होता, असे बहुतेक ठिकाणी नव्हते. भात शिजताना पेज ऊतू जावी आणि चुलीभोवती पसरावी, तसा तो रस पसरला. थंड झाला, त्याचा दगड झाला. काही काळ गेला. पुन्हा रस आला, आधीच्या दगडावर पसरला, थंड झाला. असे कितीतरी वेळा घडले. थरावर थर चढत गेले आणि पश्चिमेकडे त्यांची एकूण जाडी दोन हजार मीटरच्याही पुढे गेली.

हा दगड आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमीवर पसरलेला आहे. महाराष्ट्राचा विचार केला तर पाच हिश्शांपैकी चार हिस्से जमीन याच दगडावर उभी आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द ‘पायरी’ या अर्थाच्या युरोपातील शब्दावरून आला आहे. पावसाळ्यानंतर एखाद्या उघड्या डोंगराकडे लांबून पाहा. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. जिन्यासारखा तो दिसेल. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून सपाट होतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. कुठे जमिनीतून गरम पाणी आले किंवा धूर दिसला की अफवा उठते, ती मनावर घेऊ नये.

दगड ओळखा

हा दगड आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाटा-वरवंटा, जाते, उखळ ही सारी याच काळ्या दगडाची. आमच्यापैकी कित्येकांच्या आईबापांनी खाणीवर डबर फोडला, रस्त्याच्या कडेला बसून खडी केली. सुतकी कुठे मारली म्हणजे दगड सरळ फुटतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळत होते. त्याच ज्ञानाला थोडी शास्त्राची जोड देऊ.

एकाच थरात खाली घट्ट काळा कातळ असतो आणि वर छिद्रे पडलेला दगड. शिलारसातून वाफा आणि वायू वर येताना जे बुडबुडे अडकले, त्यांची ही छिद्रे. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार झाले. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. छिद्राळ दगड ऊन-पावसाने लवकर सडतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची पुढे माती. आपली कापसाची काळी जमीन याच दगडाच्या पोटची.

दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी लाल पट्टी दिसते. ती फार बोलकी आहे. एक रस थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, त्या काळात वरच्या दगडाची माती झाली आणि नंतर आलेल्या तापलेल्या रसाने ती भाजून निघाली. कुंभाराच्या भट्टीत माती लाल होते तशी. घाटातल्या रस्त्याच्या कापात ही लाल रेघ मुलांना दाखवा आणि सांगा की, ही विश्रांतीची खूण आहे.

मुंबईकर वाचकांना तर घाटापर्यंत जाण्याचीही गरज नाही. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. सुमारे दोनशे फूट उंचीचे दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. कोणी ते घडवले नाहीत. शिलारस हळूहळू थंड होऊन आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या, आटलेल्या तळ्याचा चिखल फाटतो तशा, आणि असे खांब तयार झाले. मुंबई-ठाण्याच्या टेकड्या सह्याद्रीच्या मुख्य रांगेतल्या नव्हेत, पण कूळ तेच.

एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार

कोकणातून सह्याद्री भिंतीसारखा दिसतो. देशावरून त्याच डोंगराकडे जाताना मात्र चढ फारसा जाणवत नाही. असे का? शिलारसाचा तो काळ संपल्यावर भारताची पश्चिम बाजू तुटली, तिकडची भूमी दूर गेली आणि समुद्र आत आला. आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून होती. तुटलेल्या कडेला पाऊस आणि नद्या कोट्यवधी वर्षे कुरतडत राहिल्या. कडा मागे मागे, पूर्वेकडे सरकत गेला. जो भाग झिजून खाली गेला तो कोकण, जो उरला तो घाटमाथा.

म्हणून आपल्याकडे एक नवल घडते. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पण ती तिकडे वळत नाही. पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. उलट उल्हास, सावित्री, वाशिष्ठी या कोकणातल्या नद्या तुटपुंज्या लांबीच्या, पण पावसाळ्यात पिसाळणाऱ्या.

पावसाचेही तसेच. समुद्रावरून आलेले ढग या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपासही मुश्किलीने पोचतो. एकाच जिल्ह्यात ओल्याची आणि कोरड्याची अशी वाटणी होते. माणदेशाची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत का आली, याचे एक कारण या भिंतीच्या सावलीत आहे.

लेणी याच दगडात का

भारतातील कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य महाराष्ट्रात आहेत. एकट्या जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. उन्हाळी सुटीत आपल्या वस्त्यांतून कार्ले-भाजे, कान्हेरी, अजिंठा येथे सहली निघतात. तेथे वंदना होते, फोटो निघतात. पण दगडाकडे कोणी निरखून पाहत नाही.

सह्याद्रीचा थर आडवा, जाड आणि एकसंध असतो. वर थराचे भक्कम छत, समोर उभा कडा. असा कडा मिळाला की, पाया खणावा लागत नाही, विटा वाहाव्या लागत नाहीत. नको असलेला दगड काढून टाकला की घर उरते. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट आणि उंची ४५ फूट. एवढा पोकळ मंडप दोन हजार वर्षे डोंगराचा भार डोक्यावर घेऊन उभा आहे. कोरणाऱ्यांनी छतापासून सुरुवात करून खाली काम आणले, त्यामुळे परात बांधावी लागली नाही. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे. काम कसे चाले, हे पूर्ण लेण्यापेक्षा अशा अर्ध्या लेण्यात अधिक समजते.

दुसरे कारण वाटांचे. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांच्यामध्ये ही भिंत. ती ओलांडायला मोजक्याच खिंडी. नाणेघाटाच्या वाटेवर जुन्नर, बोरघाटाच्या वाटेवर कार्ले-भाजे. व्यापारी, कारागीर, भिक्खू याच वाटांनी चालत. पावसाचे चार महिने घाट चालण्याजोगे नसत, म्हणून वर्षावासासाठी कोरडा निवारा हवाच होता.

आणि दान कोणी दिले? केवळ राजांनी नव्हे. कार्ल्याच्या लेखांत धेनुकाकट येथील सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी येते. कष्टकऱ्यांच्या घामाचा पैसा या दगडात आहे. लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने नावे लिहिणाऱ्या आमच्या तरुणांनी हे ध्यानी ठेवावे.

पाऊस उदंड, पाणी नाही

लेण्यांच्या दारात पाण्याची टाकी कोरलेली असतात. जुन्या लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कान्हेरीला तर पावसाचे पाणी वळवून टाक्यांत आणणारे पन्हळ आजही दिसतात. भर पावसाच्या मुलखात एवढी तजवीज कशासाठी? कारण त्या लोकांना दगड कळला होता.

घट्ट कातळ पाणी पीत नाही. वाळूत जसे पाणी मुरते तसे येथे मुरत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, छिद्राळ थरात आणि भेगांत. उतार एवढा तीव्र की, बहुतेक पाऊस मुरण्याआधीच ओढ्याने निघून जातो. म्हणून जुलैत धबधब्याखाली असलेल्या वाडीला मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. एका शेतात विहिरीला पाणी लागते, शेजारच्या शेतात कोरडा खड्डा निघतो.

अशा भूमीत पाण्याची जागा ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव. निसर्गाने पाणी थोडे ठेवले आणि माणसाने त्या थोड्यालाही कुंपण घातले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ते महाड याच सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या काठी वसले आहे, जवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पावसाने भिजणाऱ्या त्या भागात माणसाला पाण्यासाठी लढावे लागले, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात कोणी लिहीत नाही.

कडा फोडणारे हात

या भिंतीतून रेल्वे काढण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. डायनामाइटचा शोध त्यानंतरचा, १८६७ चा. म्हणजे हा सारा कातळ पहार, छिन्नी-हातोडा आणि साध्या बारुदीने फोडला. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत.

पुढे याच कड्याच्या उंचीचा उपयोग विजेसाठी झाला. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली कोकणात सोडायचे आणि त्या धारेवर यंत्रे फिरवायची. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालू लागल्या. आमच्या वाडवडिलांचे माग सह्याद्रीच्या पाण्यावर फिरत होते. आणि ज्यांच्या जमिनी अशा धरणांखाली गेल्या त्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, हेही विसरून चालणार नाही.

दरड का कोसळते

आता तिसरा प्रश्न. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले. १५१ माणसे गेली. रोजच्या वाटेने आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगाला ही बातमी कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. तिन्ही घटना जुलैच्या, आणि तिन्ही वेळा मुसळधार पाऊस चालू होता.

कारण पुन्हा थरांचेच. खाली घट्ट कातळ, वर मुरूम आणि माती. सलग पावसाने माती पाणी पिऊन जड होते. पाणी कातळापर्यंत उतरते, तेथे अडते आणि कातळाच्या पाठीवरून वाहू लागते. मग वरची माती ओल्या फरशीवर ठेवलेल्या पोत्यासारखी होते. खालचा आधार तुटला की सगळे एकदम घसरते. रस्त्यासाठी, घरासाठी उताराचा पायथा कापला, झाडे तोडली, ओढ्याची वाट बुजवली, की हा धोका वाढतो.

मुंबई-ठाण्याच्या टेकड्यांवरही हेच घडते. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरला दरड कोसळून साठाहून अधिक लोक गेले. उतारावर घर कोण बांधतो? ज्याला सपाटीवर जागा परवडत नाही तो. त्याला ‘तेथे राहता कशाला’ म्हणून विचारणे सोपे आहे. सुरक्षित जागी घर मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि तो संघटित होऊनच मागावा लागेल. पण तोवर जीव वाचला पाहिजे, म्हणून आम्ही पुढील खुणा सांगतो. हे कात्रण उतारावर राहणाऱ्या प्रत्येक घरी भिंतीला लावावे.

एक : जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडली, ती रोज रुंदावते आहे.
दोन : दारे-खिडक्या अचानक लागेनाशा झाल्या.
तीन : झाड, विजेचा खांब किंवा संरक्षक भिंत कलली, फुगली.
चार : जेथे कधी झरा नव्हता तेथे पाणी फुटले, किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, वा पाऊस चालू असूनही अटले.
पाच : वरून लहान दगड घरंगळू लागले, डोंगरातून घरघर ऐकू आली.

यांतील एक जरी खूण दिसली तरी सामानाचा मोह न धरता बाहेर पडावे. पळताना उताराच्या दिशेने किंवा ओढ्याच्या पात्राने पळू नये, बाजूला सरकावे. म्हातारी माणसे आणि लेकरे आधी. ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवावा. पावसाळ्यापूर्वी वस्तीतील मंडळाने एक दिवस श्रमदान करून गटारे मोकळी करावीत आणि रात्री मुक्कामाला शाळा, विहार किंवा समाजमंदिर यांपैकी कोणते सुरक्षित आहे, हे आधीच ठरवून ठेवावे. सलग दोन दिवस मुसळधार पाऊस पडला की, तिसरी रात्र तेथेच काढावी. थोडी गैरसोय होईल, पण माणसे राहतील.

डोंगराला राग नाही आणि दयाही नाही. तो आपल्या नियमाने झिजतो. कार्यकारण जाणून घ्यावे आणि त्याप्रमाणे वागावे, ही शिकवण आपल्याला मिळालेलीच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दगड ओळखला त्यांची छते आजही शाबूत आहेत. पुढच्या वेळी लेण्यांना जाल तेव्हा मुलांना थर मोजायला लावा. आणि घरी आल्यावर, आपल्या घरामागच्या उताराकडेही त्याच नजरेने एकदा पाहून घ्या.